आधी मम्मीला टोचा

परतूरला आमच्या घरी वेचून आलेला कापूस विकायला नेईपर्यंत मागच्या खोलीत भरून ठेवतात. दिवाळीच्या सुट्टीत घरातली पोरं त्यात उड्या मारतात. माझ्या नवऱ्यानं लहानपणी मारल्या, नणंदांनी मारल्या. आबा, म्हणजे माझे सासरे, दरवर्षी दारात उभं राहून ‘कापसाला घाण लागंल’ म्हणून ओरडायचे आणि तिथून हलायचे मात्र नाहीत. त्या वर्षी माझी मुलगी नऊ वर्षांची होती. ढिगाला टेकवलेल्या शिडीवरून ती उडी घ्यायला गेली, शिडी सरकली आणि ती कापसाऐवजी दाराजवळच्या फरशीवर पडली.

मी स्वयंपाकघरात होते. आवाज फार मोठा झाला नाही. मी धावत गेले तेव्हा ती रडतही नव्हती, नुसती तोंड उघडून माझ्याकडे पाहत होती. उजवी मांडी मध्येच वाकडी दिसत होती. आबांनी धोतराचा सोगा खोचला, दोन फळ्या आणल्या, माझी जुनी साडी फाडली आणि कुणाला काही न विचारता पाय कंबरेपासून खाली बांधून टाकला. बैलांचे, वासरांचे पाय बांधलेला माणूस. नंतर डॉक्टरांनी ते बांधणं पाहून मान हलवली होती, चांगल्या अर्थानं.

गाडीच्या मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. परतूर ते जालना हा रस्ता मी शेकडो वेळा केला असेल, पण त्यावर एवढे गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाच्या आधी नवरा गाडी जवळजवळ थांबवायचा आणि तरीही ती माझा दंड घट्ट धरायची.

आम्ही एरवी राहतो नवीन जालन्यात. तिथं घरापासून जवळच हाडांचा एक दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला आणि सरळ सांगितलं, “मांडीचं हाड मोडलंय. आतून दोन लवचीक सळया घालू. लहान मुलांचं हाड लवकर जुळतं, काळजी करू नका. पुढं वर्षभरानं सळया काढून टाकू.” दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. तिला बाहेर आणलं तेव्हा ती गाढ झोपलेली होती आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला वाटलं, चला, अवघड तेवढं संपलं.

ते संपलेलं नव्हतं. भूल उतरली आणि दुखणं सुरू झालं. नुसतं दुखणं असतं तर औषधानं थांबलं असतं. पण तिच्या मांडीचा स्नायू मधूनमधून एकदम आवळून यायचा. ती शांत पडलेली असायची आणि काही कारण नसताना तिचं सगळं अंग ताठ व्हायचं, दात एकमेकांवर घट्ट बसायचे. “मम्मी, पाय पिळून राह्यलाय,” एवढंच ती म्हणायची. मी पायाला हात लावायचा नाही, लावला तर जास्त दुखायचं. मग मी कपाळाला हात लावायचे. त्याचाही तिला राग यायचा.

जोरदार औषध दिलं की दुखणं कमी व्हायचं, पण थोड्याच वेळात उलट्या सुरू व्हायच्या आणि सगळं अंग खाजायचं. उलटी करताना पोट आवळायचं, पोटाबरोबर मांडी आवळायची, म्हणजे पुन्हा तेच. डॉक्टरांनी उलटीचं औषध दिलं, पहिल्या औषधाची मात्रा कमी केली. मात्रा कमी झाली की दुखणं वर यायचं. ती काही खात नव्हती, पाणीसुद्धा चमच्यानं. सलाइनची नळी लावलेल्या हाताकडे कुणी नर्स नुसती वळली तरी ती हात पांघरुणात ओढून घ्यायची.

नवरा बँकेत आहे. ऑपरेशननंतर त्याला परत कामावर जावं लागलं, तो संध्याकाळी यायचा. दिवसभर दवाखान्यात आम्ही तिघं, ती, मी आणि आबा. आबा खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून असायचे. त्यांना जेवायला घरी जा म्हटलं तर “भूक न्हाई” म्हणायचे. त्यांच्या मनात ती शिडी होती, हे मला दिसत होतं. ती त्यांनीच तिथं लावून ठेवलेली होती. मी त्यांना त्यावरून काही बोलले नाही, आणि बोलायचं काही नव्हतंही. शिडी दरवर्षी तिथंच असते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. त्यांना मी ऑपरेशनआधी एकदा पाहिलं होतं, तेव्हा त्यांनी टोपी आणि मास्क घातला होता. आता पाहिलं तर पन्नाशीच्या पुढच्या बाई, केस पांढरे, सुती साडी आणि पायात पळायचे बूट. त्यांचं घराणं मूळ राजस्थानातलं, जालन्यात व्यापार करून चार-पाच पिढ्या झालेल्या. बोलणं माझ्यापेक्षा जास्त जालन्याचं.

त्यांनी आधी पायाची बोटं पाहिली, दाबून रंग परत येतो का पाहिलं, बोटं हलवायला लावली. मग स्टूल ओढून मुलीच्या उशाशी बसल्या. “दुखणं कसलं आहे बेटा? जळल्यासारखं, का टोचल्यासारखं, का पिळल्यासारखं?”

“पिळल्यासारखं.”

“सारखं, का येऊन जातं?”

“येतं. मंग जातं. मंग परत येतं.”

त्यांनी घाई न करता सगळं ऐकलं आणि मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. “ताई, पायाचं ऑपरेशन बराबर आहे, त्याची चिंता नको. पण औषधाची मात्रा वाढवली की ही उलट्या करून राह्यली, कमी केली की तडफडून राह्यली. मी अ‍ॅक्युपंक्चर शिकलेली आहे. ऑपरेशननंतर मुलांना करते, ज्यांच्या घरचे हो म्हणतील त्यांना. केसासारख्या बारीक सुया असतात, एकदाच वापरून फेकायच्या. ऑपरेशनच्या पायाला हात लावणार न्हाई. हाताला, मनगटाला, दुसऱ्या पायाला, कानाला. औषध चालूच राहील, ते बंद करायचं न्हाई. त्याच्या जोडीला हे.”

मी विचारलं, “यानं दुखणं जाईल?”

“काहींचं बरंच कमी होतं. काहींचं थोडं. काहींना काहीच फरक पडत न्हाई. मी खोटं सांगणार न्हाई.”

मी एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. बिया किती उगवतात ते तपासायचं, हे माझं रोजचं काम. ओल्या कागदात बिया मोजून गुंडाळायच्या, कपाटात ठेवायच्या आणि ठरल्या दिवशी कागद उलगडून कोंब मोजायचे. कुणी नवं औषध बियाण्याला लावून आणलं, तर आम्ही त्याचं म्हणणं ऐकून घेतो आणि मग तेच बियाणं औषधाशिवायही लावून बघतो. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कशाचा गुण आला ते कळत नाही. व्हरांड्यात उभी असताना माझ्या डोक्यात हेच होतं. सुया लावल्या आणि उद्या बरं वाटलं, तर ते सुयांनी की उद्या आपोआपच बरं वाटणार होतं? माझी पोरगी एकच आहे. तिला लावून आणि न लावून, अशी दोन्हीकडून मी बघू शकत नव्हते.

हे मी डॉक्टरांना बोलून दाखवलं. त्या हसल्या. “बिलकुल बराबर. मीसुद्धा बघू शकत न्हाई. पण ताई, नुकसान फार न्हाई. फार तर एखादा रक्ताचा थेंब येईल, थोडा काळा-निळा डाग पडेल. आणि तिची मर्जी नसेल तर मी लावतच न्हाई. रडत्या मुलाला सुई लावून दुखणं कमी करायचं म्हणजे उलटंच झालं.”

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “तू तिथं आहेस, तुला काय वाटतं ते कर. जबरदस्ती नको.” मग डॉक्टरांबरोबर आत येऊन आबांना सांगितलं.

आबा ऐकताना मान खाली घालून होते. “म्हणजे डागण्यासारखं?” त्यांनी विचारलं.

“नाही आबा. डागत नाहीत. बारीक सुया लावतात.”

“मला डागलंय,” ते म्हणाले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे मला माहीत नव्हतं. त्यांनी सदरा वर केला. पोटावर बेंबीच्या बाजूला जुने, पांढरट, पैशाएवढे डाग होते, सुरकुत्यांत जवळजवळ मिसळून गेलेले. “पोट दुखायचं म्हणून. मी हिच्याहून लहान होतो. दोघांनी हात धरले, एकानं पाय. सगळे म्हणले, आता बघ कसं राहतं. मी भ्याल्यामुळं दुखतं म्हणायचंच बंद केलं. घरचे म्हणले, गुण आला.” सदरा खाली करून ते डॉक्टरांकडे वळले. “मॅडम, असं नको व्हायला. तिनं भिऊन गप बसायला नको.”

डॉक्टर त्यांच्यासमोर उभ्या होत्या, त्या खाली बसल्या. खाटेच्या कडेला, आबांच्या बरोबरीनं. “बाबा, तुम्ही इथंच बसा,” त्या म्हणाल्या. “तिला विचारून करू. तिनं काढा म्हणलं की त्याच क्षणी काढेन. तुम्ही बघा मी काढते का न्हाई.”

आबांनी मान हलवली. आता विचारायची राहिली ती.

ती सगळं ऐकत होती, डोळे मिटून. “नको,” ती म्हणाली. “अजून सुई नको.”

डॉक्टरांनी आग्रह केला नाही. पिशवीतून एक छोटं पाकीट काढलं, फोडलं आणि एक सुई तिला दाखवली. खरोखरच केस. मूठ तांब्याची, पुढचा भाग हलवला की वाकणारा. “ही इंजेक्शनची सुई न्हाई. इंजेक्शनची पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जातं. हिच्यातून काहीच जात न्हाई. बोट लावून बघ, टोकाला नको, बाजूला.”

तिनं बोट लावलं. बराच वेळ सुईकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की आता माझी पाळी आहे.

“आधी मम्मीला टोचा,” ती म्हणाली.

मला सुईची भीती वाटते. रक्त तपासायला द्यायचं असलं की मी भिंतीकडे तोंड करून बसते आणि नर्सला सांगते, झालं की सांगा. तिला हे माहीत आहे, माझ्याबरोबर ती दोन वेळा आलेली आहे. ती माझी परीक्षा घेत होती की दुखतं का ते खरंच बघत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, “टोचा.”

“कुठं टोचू?” डॉक्टरांनी तिला विचारलं.

“मला जिथं टोचणार तिथंच.”

त्यांनी माझा डावा हात उशीवर ठेवायला लावला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला मऊ भाग पुसला. मी या वेळी भिंतीकडे बघू शकत नव्हते, कारण पोरगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. काहीतरी टेकलं, टिचकी मारल्यासारखं झालं, एवढंच. मुंगीसुद्धा जास्त चावते. मग डॉक्टरांनी सुई दोन बोटांत धरून किंचित फिरवली, आणि आत खोल एक जड, सुन्न अशी कळ उमटून मनगटाकडे सरकली. दुखणं म्हणता येणार नाही. पण ओळखीचं काहीच नव्हतं ते. माझं तोंड कसं झालं कुणास ठाऊक, पोरगी हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

“काय होऊन राह्यलं मम्मी?”

“हात जड झालाय. पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखा.”

“दुखतं?”

“टोचताना नाही. आता थोडं विचित्र वाटतंय. दुखत नाही.”

तिनं पुन्हा विचार केला. “मंग मला एकच.”

एक लावली, मोकळ्या हाताला. ती ओठ आवळून पाहत होती. मग म्हणाली, “झाली?” डॉक्टर म्हणाल्या, “झाली. दुसरी उलटीसाठी आहे, मनगटावर. लावू?” मग दुसरी. मग बऱ्या पायाला, गुडघ्याखाली. मग कानाला. प्रत्येकीच्या आधी त्या विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. डोक्याला एक लावायची होती, त्या सुईला ती नको म्हणाली. “बरं, नको,” असं म्हणून त्यांनी ती सुई खरंच बाजूला ठेवली. आबा ते बारकाईनं बघत होते.

“आता दोघींनी हलायचं न्हाई,” डॉक्टर म्हणाल्या आणि स्वतःही बसून राहिल्या.

माझा हात तिच्या उशीवर, तिचा हात माझ्या हाताशेजारी, दोघींच्या हातांवर एकेक तांब्याची मूठ उभी. पिशवीत माझा फोन वाजला, बंद झाला, पुन्हा वाजला. घेता येत नव्हता. ती पडल्यापासून मी सारखी काही ना काही करत होते. पाणी, औषध, नर्सला बोलव, चादर बदल, कागद आण. आता काही करता येत नव्हतं. मी नुसती तिच्याजवळ बसले होते.

थोड्या वेळानं ती बोलायला लागली. आम्ही विचारलेलं नसताना.

“आबा, शिडी तुमच्यामुळं न्हाई पडली.”

आबांनी मान वर केली.

“मी पळत चढले. तुम्ही सांगितल्तं हळू चढ. मला सगळ्यात वरून उडी मारायची होती.”

“लागलं ना पण माय,” आबा म्हणाले.

“हो. पण तुमच्यामुळं न्हाई.”

आबांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला. डॉक्टर खिडकीबाहेर पाहत होत्या. मधे एकदा तिची मांडी आवळून आली, मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं, पण ती पहिल्यासारखी ताठ झाली नाही. श्वास ओढून धरला आणि सोडला. “आली आणि गेली,” ती स्वतःच म्हणाली. मग तिचे डोळे जड व्हायला लागले. डॉक्टरांनी एकेक सुई काढली तेव्हा शेवटच्या दोन काढलेल्या तिला कळल्याही नाहीत. माझी सुई सगळ्यात शेवटी काढली. तिथं एक टाचणीएवढा रक्ताचा थेंब आला, तो त्यांनी कापसानं पुसला.

संध्याकाळी ती उठली आणि तिनं ताकभात मागितला. तिच्या पप्पांनी घरून आणला. दोन-तीन घास खाल्ले आणि ते पोटात राहिले. औषध चालू होतं, कमी मात्रेचंच. नवऱ्यानं विचारलं, “सुयांनी?” मी म्हटलं, “माहीत नाही. पण ती जेवली.”

यानंतर सगळं सरळ झालं असं मात्र नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाचे व्यायाम सुरू झाले आणि गुडघा थोडा वाकवायचा म्हटल्यावर ती पुन्हा ओरडली. दुपारी डॉक्टर आल्या, सुया लावल्या, ती पडून राहिली, पण काही उपयोग झाला नाही. “न्हाई थांबत,” ती म्हणाली आणि रडायला लागली. डॉक्टरांनी लगेच सुया काढल्या, तिचं खाणं-पाणी विचारलं आणि जोरदार औषधाची छोटी मात्रा दिली. तिला त्यांनी सांगितलं, “आज सुयांचं काम झालं न्हाई. होतं असं. तू बरोबर सांगितलंस.” मला ते बरं वाटलं. आबांनाही वाटलं असावं, कारण त्या गेल्यावर ते म्हणाले, “ही बाई खरं बोलणारी आहे.”

त्याच्या पुढच्या दिवशी मात्र पुन्हा गुण आला, आणि नंतर तर त्या यायच्या वेळेला ती स्वतःच हात उशीवर ठेवून वाट पाहायची. नर्सनं सलाइन बदलायला हात धरला तरी आता ओढून घेत नव्हती.

एकदा ती झोपल्यावर मी डॉक्टरांना विचारलं, हे तुम्ही कशाला शिकलात.

त्या म्हणाल्या, “भूल देणारा माणूस मुलाला झोपेतच ओळखतो ताई. झोपवायचं, श्वास सांभाळायचा, जागं करायचं आणि पुढच्या ऑपरेशनला जायचं. माझी बरीच वर्षं तशीच गेली. मूल नंतर रडतं ते वॉर्डात, मी तिथं नसायचीच. मग माझ्या भाचीचं ऑपरेशन झालं, टॉन्सिलचं. भूल मीच दिल्ती. नंतर घरची म्हणून तिच्याजवळ बसले आणि पहिल्यांदा पाहिलं की मी निघून जाते त्याच्यानंतर काय होतं. तेव्हापासून मी ऑपरेशननंतर खोलीत जाते. जायला लागले तर हातात काहीतरी असावं म्हणून हे शिकले.”

“म्हणजे सुयांपेक्षा तुमचं बसणं?” मी म्हटलं. माझी सवयच तशी आहे.

“असेल. थोडं ते, थोडं हे. तुमच्या बियांसारखं वेगळं काढून दाखवता येत न्हाई मला.” त्यांनी बुटाची नाडी बांधली. “पण नुसतं बसायला जाते म्हणलं असतं तर मला कुणी वेळ दिला नसता. मीसुद्धा दिला नसता.”

घरी सोडायच्या दिवशी आबांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं. मी पिशव्या भरत होते, ऐकू येत होतं.

“मॅडम, माझा गुडघा फार धरून राह्यलाय. जिना चढवत न्हाई. मलाबी त्या सुया लावा ना.”

“बाबा, मी फक्त ऑपरेशनच्या मुलांना करते.”

“मंग मी काय ऑपरेशन करून घेऊ?”

त्या खूप हसल्या. मग त्यांना तिथंच बाकावर बसवलं, गुडघा दाबून पाहिला आणि आधी फोटो काढायला सांगितला, वजन कमी करायला सांगितलं, उकिडवं बसू नका म्हणाल्या. आबांनी यातलं एकही केलं नाही. पण त्या डॉक्टर गुडघ्यालाही सुया लावतात आणि आपल्याला लावल्या नाहीत, असं त्यांनी परतूरला सगळ्यांना सांगितलं.

घरी दोन महिने वॉकर. शाळेतल्या बाई घरी येऊन अभ्यास देऊन जायच्या. पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभी राहिली तेव्हा तिचा उजवा पाय बारीक झालेला होता, त्याच्याकडे बघून ती म्हणाली, हा माझा नाही. महिन्याभरात तो तिचा झाला. उन्हाळ्यात ती सायकलवर होती. दुसऱ्या दिवाळीला कापसाच्या खोलीला आबांनी कुलूप घातलं होतं. पोरांनी दोन दिवस मागे लागून ते काढायला लावलं आणि आबा शिडी स्वतःच्या हातानं धरून उभे राहिले. ती चढली नाही. खालूनच कापसात लोळली.

सळया काढायच्या ऑपरेशनला त्याच दवाखान्यात गेलो. छोटंसं काम होतं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर तपासायला आल्या आणि म्हणाल्या, “उंच झालीस.” ती लाजली. त्यांनी मला सांगितलं की सुया भुलीच्या झोपेत असतानाच लावता येतात, काही मुलांना तसं बरं पडतं. मी तिच्याकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “मी जागी असताना विचारा.”

ऑपरेशन सकाळी झालं. दुपारपर्यंत ती जागी झाली, पाणी प्याली, थोडं कण्हली, झोपली, पुन्हा उठली. आबा परतूरहून मोसंबी घेऊन आले होते, ते खाटेवर बसून सोलत होते. डॉक्टर आल्या. त्यांनी पायाची बोटं पाहिली, रंग पाहिला, हलवायला लावली.

“कसलं दुखणं आहे?”

“चिरल्यासारखं. पण थोडं. पिळत न्हाई.”

“सुया लावू?”

तिनं डोळे मिटून पाय कसा आहे ते जणू आतून बघितलं. “आज नको,” ती म्हणाली. “आज एवढं न्हाई.”

“बरं,” म्हणून डॉक्टरांनी पाकीट पिशवीत टाकलं. मला वाटलं आता त्या जातील, बाहेर त्यांना दुसरं ऑपरेशन होतं. पण त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. आबांनी मोसंबीच्या फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. पोरगी त्यांना शाळेतल्या स्नेहसंमेलनातल्या नाचाबद्दल सांगायला लागली, कोण कुठल्या रांगेत आहे, हिला मधल्या रांगेत का टाकलं. त्या फोडी खात ऐकत होत्या आणि मधेच विचारत होत्या, मंग?